सोमवारपासून चौदा दिवस

"लिंडसे, पंचांच्या खोलीत बोलावलंय तुला. लगेच," शर्यतीचा कारकून ट्रेवर कुंपणापलीकडून म्हणाला आणि पुढच्या तबेल्याकडे वळला.

लिंडसे पर्डीने पाण्याची नळी बंद केली. अर्धा तास तो आपल्या घोडीचे, मेबलचे, पाय गार करत होता, आणि या वेळात भोंगा काय बडबडला याची त्याला शुद्ध नव्हती. गुरुवारच्या लहान शर्यतींना भोंग्यावर येऊन येऊन काय येणार? कुणीतरी आपली मोटार दुसऱ्याच्या मोटारीआड लावलेली असते, झालं.

कशासाठी बोलावलंय हे विचारायची त्याला गरजच नव्हती. चौथ्या शर्यतीत, शेवटच्या वळणावर, तो कोंडीत सापडला होता. दोनचाकी घोडागाड्यांची शर्यत; पुढे गाडी, बाजूला गाडी. त्याने मेबलला बाहेर काढलं, पण पाव सेकंद आधी. त्याचं चाक मागून येणाऱ्या डूगलच्या शिंगराच्या पुढच्या पायाला लागलं. शिंगराची चाल मोडली, ते चौखूर उधळलं, आणि दुडकी चाल मोडलेला घोडा नियमाने मागे घ्यावाच लागतो. डूगल सगळ्यांत शेवटी आला आणि शिंगरालाच शिव्या घालत तबेल्यात गेला. त्याला काही कळलं नव्हतं. पण पंचांकडे कॅमेरे असतात.

निष्काळजीपणे हाकणे. नाकारलं तर वीस दिवस बंदी, आपणहून कबूल केलं तर चौदा. हा हिशेब लिंडसेला पाठ होता. खरी मेख बंदी कधी सुरू होते यात होती, कारण येत्या रविवारी करंडकाची शर्यत होती. एकतीस वर्षांत तो करंडक त्याच्या हाताला लागला नव्हता. या वर्षी मेबल होती, त्याच्याच तबेल्यात जन्मलेली, आणि हा तिचा शेवटचा हंगाम. दुसऱ्या कुणाच्या हाती लगाम दिला तर बया जागची हलत नसे. तो गाडीवर नाही, तर मेबलही नाही.

खोलीत मुख्य पंच हॅस्केल बाई एकट्याच बसल्या होत्या. समोर एक कागद, त्यावर पेन.

"या लिंडसे. दोन मिनिटांचं काम आहे, इथे फक्त..."

"बाई, आधी मला बोलू द्या," लिंडसे टोपी काढत म्हणाला. "चूक माझी आहे. डूगलची नाही नि त्याच्या शिंगराचीही नाही. वळणावर मी घाई केली. माझं चाक लागलं."

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. मग त्या पडद्याकडे वळल्या आणि चौथी शर्यत लावली. समोरच्या कॅमेऱ्यात धुरळाच धुरळा. त्यांनी मागचा कॅमेरा लावला, चित्र थांबवलं, पुढे सरकवलं, पुन्हा थांबवलं.

"लागलंय खरं," त्या सावकाश म्हणाल्या.

"मग. मी काय खोटं बोलतोय?"

"डूगल काहीच बोलला नाही."

"तो बिचारा काय बोलणार. चौदा दिवस होतात, ते लिहा. फक्त सोमवारपासून लावा."

"नियमाने मला आज रात्रीपासून लावता येते."

"आधीच कबूल केलेल्या शर्यती असतात, बाई. लोकांचा खोळंबा होतो."

"हो, शनिवारी तुमच्या दोन आहेत." बाईंनी समोरचा कागद जरा बाजूला सारला. "सोमवारपासून चौदा दिवस. त्यात काय काय येतं, ठाऊक आहे ना?"

"आमच्या स्वयंपाकघरात कॅलेंडर टांगलंय. रोज तेच बघत चहा पितो."

"आणि तरी तुमची हरकत नाही? अपील करायचं नाही?"

"अजिबात नाही."

हॅस्केल बाईंनी चष्मा काढून पुसला. "एवढी वर्षं या खुर्चीत बसतेय. बंदी चुकवायला लोक काय काय बहाणे सांगतात. असा माणूस मी नाही पाहिला." त्या उठल्या आणि त्यांनी त्याच्याशी हस्तांदोलन केलं.

लिंडसे तरंगतच बाहेर पडला. मनावरचं ओझं उतरलं होतं, सहा दिवस वाचले होते, आणि करंडक तर सहीसलामत हातात होता. कडक बाईसुद्धा पाघळल्या होत्या. पंचांशी कसं बोलावं हे आजकालच्या मंडळींनी आपल्याकडून शिकावं, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

मोटारीपाशी ग्लेनिस, त्याची बायको, टपावर डबा ठेवून उभी होती. तिने त्याच्या हातात गरम चीज रोल दिला. त्याने तोंड भरून घास घेतला आणि सगळा किस्सा रंगवून सांगितला. वळण, कॅमेरा, बाईंचा चष्मा, काही सोडलं नाही.

"सोमवारपासून म्हणालास? तू स्वतः?"

"मी स्वतः. आहे की नाही डोकं? रविवारी करंडक, सोमवारी बंदी. चौदा दिवस तुझं कुंपण रंगवतो."

ग्लेनिसने त्याच्याकडे पाहिलं, मग पलीकडे बांधलेल्या मेबलकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. त्याच्या हातातला उरलेला रोल तिने अलगद काढून घेतला.

"लिंडसे," ती हळूच म्हणाली, "मघाशी भोंग्यावर तीनदा सांगितलं, रविवारच्या मैदानात नदीचं पाणी शिरलंय, म्हणून करंडक त्यापुढच्या रविवारवर ढकललाय, आणि 'नव्या तारखेला येणार' एवढ्या एका सहीसाठी बाई सगळ्यांना बोलावतायत."