दाराबाहेरच्या चपला

"चपला काढ," नूपुर म्हणाली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "इथे काढ. मला आतून दिसल्या पाहिजेत."

शिशुवर्गाच्या दाराबाहेर सुमतीने निमूटपणे चपला काढल्या. नातीने वाकून त्या सरळ लावल्या, आत जाऊन आपल्या जागेवर बसली आणि तिथून मान वाकडी करून बघितलं. चपला दिसत होत्या. मग तिने हुंदका गिळला आणि मण्यांची डबी पुढे ओढली.

शाळा सुरू होऊन पंधरवडा झाला होता. बाकीची पोरं रुळली होती. नूपुर मात्र रोज फाटकापासूनच गळा काढायची. अनुजा टीचर भल्या, पण त्यांनी तरी किती सोसायचं? "आजी, नाहीच रमली तर पुढच्या वर्षी बघू," असं त्या कालच म्हणाल्या होत्या. म्हणजे सुमतीचं पोळीभाजी केंद्रातलं काम सुटलंच. आणि काम सुटलं की दिवसभर त्या खोलीत बसून राहणं आलं. हात दुखले, पाय दुखले तरी चालेल, पण ते बसणं तिला नको होतं.

वर्ग शांत होता. सुमती बाहेरच्या बाकावर थोडा वेळ टेकली. चपलांकडे बघता बघता तिच्या लक्षात आलं, की पोरीला आजी नकोच आहे, चपला हव्या आहेत. ती हळूच उठली आणि अनवाणी जिना उतरली.

काळाचौकीच्या नाक्यावर केंद्र होतं. दुर्गाचं. दुर्गा दोन तवे एकदम सांभाळत उभी होती.

"काकी, पायात काय नाय तुमच्या?"

सुमतीने सांगितलं. दुर्गाला हसू आलं. "डोकं आहे पोरीला. पण तुम्ही अशा रस्त्याने नका फिरू. मेघनाच्या असतील ना घरी? सुनेच्याच घाला चार दिवस."

"नको. त्या दारात लागतात," सुमती म्हणाली आणि परात पुढे ओढली. तव्यावरची पोळी दुर्गाने उगाचच दोनदा उलटली.

तेव्हापासून रोजचं हेच सुरू झालं. चपला वर्गाबाहेर, सुमती पोळपाटाशी, आणि शाळा सुटायच्या आत पुन्हा बाकावर हजर. मांजर डोळे मिटून दूध पितं, तशी ती स्वतःवर खूश होती. या भागात अनवाणी बाई दिसली तर कोणी वेडी म्हणत नाही. नवस असेल म्हणून उलट बाजूला होऊन वाट देतात. एका फुलवाल्याने तर विचारलंच, "मावशी, कुठल्या देवाला बोललात?" सुमतीने मान हलवली आणि पुढे गेली. देवाला बोलायचं तिने सोडलं होतं, पण हे त्याला कुठे सांगत बसणार?

बाकावर शेजारी बसणाऱ्या एका आईने विचारलं, "हिची मम्मी येत नाही सोडायला?"

"नाही जमत तिला," सुमती म्हणाली. "शाळा मात्र तिनेच बघून ठेवलेली. घरापासून चालत जाता येईल अशी."

दुपारी दोघी घरी यायच्या. चाळीतल्या खोलीच्या दाराशी मेघनाच्या निळ्या पट्ट्यांच्या चपला असायच्या. नूपुर आपले बूट त्यांना अगदी चिकटवून ठेवायची आणि मगच आत जायची.

एकदा सुमतीच्या टाचेत काच गेली. रात्री दीपक शिवडीच्या गोदामातून आला तो धुळीने माखलेला, पण आईचा पाय मांडीवर घेऊन त्याने हळद भरली.

"एक दिवस तरी तू सोड रे तिला," सुमती म्हणाली. "मी दमले."

"सुट्ट्या कुठायत, आई? एप्रिलात सगळ्या संपल्या."

सुमतीने पाय त्याच्या मांडीवरून काढून घेतला. नूपुर कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन झोपली होती, किंवा तसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी केंद्रात मोठी ऑर्डर होती. सुमती लंगडत लंगडत पोचली तेव्हा शाळा सुटत होती. अनुजा टीचर दारातच उभ्या.

"आजी, आज ती पाणी प्यायला बाहेर आली होती. तुम्ही नव्हता."

"खूप रडली?" सुमतीने विचारलं.

"नाही हो. तुमच्या चपलांपाशी बसली थोडा वेळ. मग आली आत आणि चित्र रंगवत बसली. आता रमली समजा."

सुमतीला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. पोरीला फसवल्याची लाज वाटत राहिली. वाटेत नूपुर आजीच्या लंगडत्या पायाकडेच बघत चालली. काय सांगायचं? बाथरूमला गेले होते म्हणून सांगावं? चाळीचा जिना चढेपर्यंत सुमती तेच मनात घोळवत होती.

दाराशी तिने आपल्या चपला काढल्या. नूपुरनेही बूट काढले, पण आज ते जागेवर लावले नाहीत. तिने निळ्या चपला उचलल्या, फ्रॉकच्या टोकाने त्यांच्यावरची धूळ पुसली आणि आजीच्या पायांपुढे ठेवल्या.

"शाळेत तुझ्या ठेव," ती म्हणाली. "कामाला जाताना या घाल."

"अगं बाय, आईच्या ना त्या…"

"आईला झोपवून नेलं तेव्हा इथेच राहिल्या. तू म्हणालीस, चपला आहेत म्हणजे आई येणार."

सुमती चौकटीला धरून उंबऱ्यावरच बसली.

"माणसं चपला ठेवूनपण जातात, आजी." नूपुर खाली बसली आणि दुखऱ्या टाचेला धक्का न लावता एक चप्पल तिच्या पायात हळूच सरकवू लागली. "तू घाल. मी नाही रडणार."