बिनब्लेडची दाढी

बाबांच्या हाताला कंप सुटला होता, पण दाढी स्वतःच करायचा हट्ट काही सुटत नव्हता. काल हनुवटी कापली, म्हणून आज लेकीने रेझरमधलं ब्लेड गुपचूप काढून ठेवलं. बाबांनी ब्रशने भरपूर फेस केला, गाल फुगवून ऐटीत रेझर फिरवला आणि तोंड धुतलं.

"कशी झालीये?"

तिने त्यांच्या खरखरीत गालावर हात फिरवला. "एकदम गुळगुळीत!"

बाबा आरशातूनच हसले. "लहानपणी स्टुलावर चढून माझ्याशेजारी दाढी करायचीस ना, तेव्हा मीही असंच ब्लेड काढायचो. आणि असंच म्हणायचो."

ती ओशाळली. बाबांनी पुन्हा फेस लावला, रेझर तिच्या हातात दिला आणि हनुवटी वर केली.

"घाल ब्लेड. आता मोठी झालीस तू."