गब्दूमामाचा आवाज

या मंडळी, जरा जवळ सरकून बसा. ही गोष्ट हळूच सांगण्याजोगी आहे.

मोहन्याच्या चाळीतल्या दगडूकाकांना टीव्हीवरच्या बाहुल्या हुबेहूब बनवायचा नाद. फोम कापून, जुन्या पँटी उसवून त्यांनी पोरांचा लाडका, खादाड गब्दूमामा असा घडवला, की नाकावरचा तीळसुद्धा जागच्या जागी. पण घशाच्या ऑपरेशनपासून काकांची वाचा गेलेली. म्हणून बाहुल्यात हात काकांचा, आणि आतल्या दाराच्या पडद्याआडून भजनात तापलेला आवाज त्यांच्या बायकोचा, हौसाबाईंचा. रोज संध्याकाळी चाळीतली पोरं हसून हसून लोळायची.

मग हौसाबाई देवाघरी गेल्या आणि काकांनी गब्दूमामा ट्रंकेत घातला. तेराव्यानंतर शेजारची सान्वी सगळ्या पोरांना घेऊन दारात येऊन बसली. "आजोबा, नुसतं त्याचं तोंड हलवलंत तरी चालेल."

काकांना नाही म्हणवेना. त्यांनी बाहुल्यात हात घालून त्याचं तोंड उघडलं.

"काय गं सान्वे, लाडू एकटीनेच संपवलास?" गब्दूमामा म्हणाला.

पोरं नेहमीसारखी खिदळली. काकांनी पडदा सारला. मागे नुसता रिकामा पाट.

तेवढ्यात काकांनी न वळवताच गब्दूमामाची मान त्यांच्याकडे वळली.



"अहो, गोळ्या घेतल्यात ना?"

मायबाप, दिवेलागणीला हात जोडाल तेव्हा आमच्या हौसाबाईंचीही आठवण काढा.