सारवलेलं अंगण

पोलादपूरकडच्या गावी डोंगराला भेग पडली, म्हणून बनुबाई घराला कुलूप लावून श्रीवर्धनला लेकीकडं आली. कायमचं यायचं की नाय, ते तिचं ठरत नव्हतं. "तुमच्या खाऱ्या वाऱ्यात माझी हाडं गंजतील गो," असं ती लेकीला रोज ऐकवायची.

दुपारी गावाहून शेजारणीचा, हौसाचा फोन आला. "कधी परतलीस गो? अंगण सारवत बसलीस, हाक मारली तर वर बघत नाय."

"डोळे फुटले काय तुझे? मी लेकीच्या पडवीत बसलेय."

"मग ही कोण? तुझ्यासारखीच डाव्या हातानं सारवतेय."

हौसानं फोन पुढं धरला असावा. जमिनीवर शेणाचा हात फिरल्याचा आवाज ऐकू येत होता. तो थांबला.

"तिकडंच ऱ्हा आता," बनुबाईच्याच आवाजात कुणी बोललं. "घराला मी हाय."