मनापासून सांगतो

डब्यात कुकूचा, अंड्याच्या हिरव्या वडीचा, शेवटचा तुकडा उरला होता. खोसरोने रीतीप्रमाणे डबा पुढे केला. "घ्या रामीन-जान, हा तुम्हीच घ्या. मनापासून सांगतो."

"बरं काका," रामीन म्हणाला आणि तुकडा तोंडात टाकला.

खोसरोचा हात डब्यासह तसाच राहिला. अख्ख्या तेहरानला ठाऊक आहे, अशा वेळी तीनदा नको म्हणायचं असतं. पण हा मुलगा हांबुर्गमध्ये वाढलेला. खोसरोच्या एकुलत्या एका लेकीला, तरानेला, मागणी घालायला आलेला. रविवारी परत जाणार, म्हणून होकार की नकार ते आजच सांगायचं होतं. खोसरोने त्याला आपल्या दर शुक्रवारच्या डोंगरचढाईला आणलं होतं, ते पारखायला. सोबतीला दोघं नेहमीचे मित्र, अर्दशीर आणि नेमत.

"याला वाढवलंय कुणी?" अर्दशीर खोसरोच्या कानाशी लागला. "सकाळी मी म्हटलं, माझी पिशवी राहू द्या, मी नेतो. तर त्याने खरंच राहू दिली."

खोसरोचं ठरलं. असला रीतभात नसलेला जावई नको. पायथ्याच्या दरबंदचे चहावाले मागे पडले, चढ उभा झाला, उन्हाने डोकी तापायला लागली, तसं त्याने रामीनला बाजूला घेतलं. नकार कसा द्यायचा हे त्याला चांगलं येत होतं. दोन स्थळं त्याने तशीच हसतमुखाने वाटेला लावली होती.

"रामीन-जान, खरं सांगायचं तर आमची तराने तुमच्या तोलाची नाही हो. तुम्हाला तिच्याहून कितीतरी चांगली मुलगी मिळेल."

रामीन थांबला. त्याने नीट विचार केला. "नाही काका, मला तसं वाटत नाही. आहे ती माझ्या तोलाची. थोडी जास्तच आहे."

मागे नेमतला पाणी पिता पिता ठसका लागला. खोसरोला घाम फुटला. ज्याला नकार ऐकूच येत नाही त्याला नकार द्यायचा कसा? तोंडावर 'नाही' म्हणायचं? त्याच्या घराण्यात आजवर कुणी कुणाला तोंडावर 'नाही' म्हटलेलं नव्हतं. या तिरमिरीत त्याचा पाय सुट्या खडीवर पडला आणि घोटा कडकन मुरगळला.

मित्र धावत आले. "आम्ही थांबतो."

"छे, छे. तुम्ही व्हा पुढे."

"असं कसं, थांबतो ना."

"माझ्या गळ्याची शपथ, जा."

"बघ हं, खोसरो."

"अरे जा रे, मनापासून सांगतो."

तीनदा विचारून झालं होतं. वर शिरपलाच्या थांब्यावर गरम ऑम्लेट मिळतं, हेही दोघांना आठवत होतं. "तुझा चहा सांगून ठेवतो," म्हणत ते वळण घेऊन दिसेनासे झाले. खोसरो त्यांच्या पाठी बघत राहिला. त्याला रडू येईल असं वाटलं, आणि ते पायामुळे नव्हतं.

रामीनने काही विचारलंच नव्हतं. तो खाली बसला होता. त्याने खोसरोचा बूट काढला, स्वतःचा सदरा ओढ्यात भिजवून घोट्याला आवळून बांधला, पिशवी पुढे छातीवर अडकवली आणि काकांचा हात आपल्या खांद्यावर घेतला.

उतार संपता संपत नव्हता.

"काका," बऱ्याच वेळाने रामीनने विचारलं, "ते थांबायला हवे होते ना तुम्हाला?"

"मग काय."

"मग नको का म्हणालात?"

घोटा ठणकत होता, त्यात अदब कुठली राहणार? "अरे गाढवा, असं विचारतात का? आमच्याकडे कुणी बोलतं त्याचा अर्थ तो नसतो. 'या' म्हटलं म्हणजे 'निघा' असतं. कुणी तुझं फार कौतुक केलं, की समजावं, आपलं काम झालं नाही. माणसाने समजून घ्यायचं असतं."

"आणि कुणी 'मनापासून सांगतो' म्हटलं तर?"

"तर ते मुळीच धरायचं नाही. तसं तर सगळेच म्हणतात."

 रामीनचे कान लाल झाले होते. खोसरोचं तिकडे लक्ष नव्हतं. सबंध उतारभर तो त्या खांद्यावर रेलून आला होता, आणि एकदाही तो खांदा हलला नव्हता. आपली पोर या माणसाच्या हाती सुखात राहील, याची त्याला आता खात्री पटली होती. मुलगा त्याला आवडला होता. अगदी पोटच्या पोरासारखा. घरी जाऊन, जेवायला बसलं की सगळ्यांसमोर सांगून टाकायचं, या विचाराने दुखणंसुद्धा निम्मं झालं.

टॅक्सी दारात थांबली. वरच्या खिडकीचा पडदा हलला. तराने सकाळपासून तिथेच असणार.

"चल, आत चल," खोसरो म्हणाला. "जेवून जा."

रामीनने छातीवर हात ठेवला. "नको काका. तुम्हाला उगाच त्रास."

"त्रास कसला? चल."

"पुन्हा कधीतरी नक्की."

"अरे, पान वाढलंय तुझं."

"तुमचं प्रेम आहे, तेवढं पुरे." तो एक पाऊल मागे सरला. "आणि सकाळी तराने आणि माझ्याबद्दल तुम्ही जे बोललात ना, ते मला आत्ता कळलं. माफ करा, फार उशिरा कळलं."

तो वळून चालायला लागला. खोसरोला क्षणभर काही उमगलं नाही. उमगलं तसा तो एका पायावर उड्या मारत रस्त्यात आला, भिंतीला धरून उभा राहिला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "रामीन! परत ये! मनापासून सांगतो!"

कोपऱ्यावर रामीन वळला, हसला, अस्सल तेहरानी अदबीने कमरेत वाकला, आणि निघून गेला.