जलद सुनावणी

मुलांनो, परदेशातली एक छावणी डोळ्यांपुढे आणा. जीव वाचवायला देश सोडून आलेली माणसं तिथे आसरा मागतात आणि निकालाची वाट पाहतात. झरमिना दोन वर्षं वाट पाहत होती. शेजारच्या खोलीतल्या द्रिताला मात्र आठव्याच दिवशी जलद सुनावणीचं बोलावणं आलं.

झरमिनाच्या पोटात दुखू लागलं. सुनावणीच्या दिवशी सकाळी द्रिताची वेणी घालताना तिने मुद्दाम केस ओढले. "जा बाई, तू सरकारची लाडकी!"

दुपारी द्रिता आईबरोबर रडत परतली. "दहा मिनिटांत नाही म्हणाले. तुमचा देश सुरक्षित देशांच्या यादीत आहे म्हणे. बाबांना कोणी मारलं, हे आई सांगतच होती, तेवढ्यात वेळ संपला. दोन दिवसांत अपील केलं नाही, तर परत पाठवतील."

"मग छावणीतल्या वकीलबाईंकडे जा ना!" झरमिना म्हणाली.

"त्यांच्याकडे तीन महिने जागा नाही."

झरमिनाची आई तेव्हा वकीलबाईंच्याच दाराशी बसली होती. तीन महिने थांबल्यावर आज तिचा नंबर लागला होता. झरमिना धावत गेली आणि आईच्या कानात कुजबुजली. आई खुर्चीवरून उठली. झरमिनाने द्रिताच्या आईला हाताला धरून आणलं आणि त्या खुर्चीवर बसवलं.