मुक्याची हाक

कमानीचा शेवटचा दगड दोरखंडाला लटकून वर येत होता. परांचीवर त्याची वाट पाहत ती उभी होती. सगळे तिला ‘मुका’ म्हणत. अकरा वर्षं ती गवंड्यांत गवंडी होऊन राहिली होती. केस बारीक कापलेले, अंगात बापाचा सदरा, हातात बापाची छिन्नी. आवाज तेवढा पुरुषाचा काढता येईना, म्हणून तिने बोलणंच सोडलं होतं.

दगड निम्म्यावर आला आणि दोराचा एक पीळ तुटलेला तिला दिसला. मग दुसरा. खाली मुकादम पाठमोरा उभा राहून कुणाला तरी झापत होता. तिने टाळ्या वाजवल्या, हातोडा फळीवर आपटला. त्या ठोकाठोकीत कोण ऐकणार?

"मुकादम, मागे व्हा!"

मुकादम दचकून मागे सरकला. तो उभा होता तिथे दगड हातभर मातीत रुतला.

ठोकाठोकी थांबली. सगळ्यांच्या माना वर झाल्या. आवाज बाईचा होता आणि परांचीवर एकटा मुका होता.

ती शिडीने खाली आली. थेट मुकादमासमोर जाऊन उभी राहिली.

"तू बोललीस?" मुकादमाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मीच बोलले. दोर झिजलाय म्हणून परवा हाताने दाखवलं होतं. तुम्ही हसलात."

मागून म्हातारा गवंडी पुटपुटला, "अकरा वर्षं हिच्यासमोर बायकोची गाऱ्हाणी सांगत बसलो मी." कुणीतरी फिसकन हसलं. मुकादम हसला नाही.

"बाईला कमानीवर चढवलं म्हटल्यावर मालक मला दारात उभं करणार नाही."

"निम्मी कमान मी बांधलीय. शेवटचा दगड मीच बसवणार. मालकांना काय सांगायचं ते नंतर ठरवू."

मुकादम रुतलेल्या दगडाकडे बघत राहिला. मग स्वतः कोठारात गेला, नवा दोर खांद्यावर टाकून आला आणि उकिडवा बसून दगडाला बांधू लागला. शेवटची गाठ त्याने दोनदा ओढून पाहिली.

"खरं नाव काय तुझं?" मान वर न करता त्याने विचारलं.

ती तोवर शिडी चढू लागली होती.

"आधी दगड वर येऊ द्या."